गुरुवारचा आकडा: मालिका लिहिणाऱ्यांना बार्कचा अहवाल किती कामाचा?

गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीव्हीवर काय किती पाहिलं गेलं हे मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे आले की वाहिनीच्या कचेरीत, निर्मात्याकडे आणि लेखकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एकच प्रश्न फिरतो: ट्रॅक (सध्या चाललेला कथाभाग) चालला का? ठरलेलं लग्न मोडायचं का, खलनायिकेला आणखी किती महिने ठेवायचं, लीप आणायचा का, म्हणजे कथा काही वर्षं पुढे न्यायची का, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं. हा अहवाल तयार होतो तो जाहिरातीच्या वेळेला भाव मिळावा म्हणून. पण मराठीत रोज चालणाऱ्या गोष्टींचा तो न सांगता सहलेखक होऊन बसला आहे. त्यामुळे इथलं परीक्षण जाहिरातदाराच्या नजरेतून नाही, रोज एक भाग लिहून देणाऱ्याच्या नजरेतून आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. प्रेक्षक कुठल्या मिनिटाला उठून गेला हे कळायला याच्या तोडीचं दुसरं साधन आपल्याकडे नाही. तो का गेला आणि आता पुढे काय घडवावं, हे मात्र या अहवालात कुठेच नसतं. बिघाड होतो तो बहुतेक वेळा इथेच: पहिल्या प्रश्नाचं उत्तर हातात येतं आणि ते दुसऱ्या प्रश्नाचं म्हणून वाचलं जातं.

आधी हे यंत्र काय आहे ते पाहू. ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, म्हणजेच बार्क, ही वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था यांच्या संघटनांनी मिळून उभी केलेली संस्था. तिचे साप्ताहिक आकडे २०१५ पासून येतात. त्याआधी हे काम टॅम या संस्थेकडे होतं. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी खूण मिसळलेली असते. निवडलेल्या घरांतला मीटर ती खूण पकडतो आणि कोणती वाहिनी किती वाजता चालू होती हे नोंदवतो. टीव्हीसमोर कोण बसलं आहे हे कळायला घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर आपापलं बटण दिलेलं असतं. बसताना दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. माहिती व प्रसारण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार देशात टीव्ही असलेली सुमारे २३ कोटी घरं आहेत आणि मीटर आहेत सुमारे ५८,०००. म्हणजे एका मीटरमागे सरासरी जवळजवळ ४,००० घरं. सासूबाई फोनवर बोलायला आत गेल्या आणि बटण दाबायचं राहिलं, तर त्यांच्या नावावर तुमचा अख्खा भाग पाहिल्याची नोंद होते. अशा चुका मोठ्या संख्येत बऱ्याचशा विरून जातात, पण हा आकडा माणसांच्या बोटांवर अवलंबून आहे हे विसरू नये.

आता मुख्य आकडा. कार्यक्रमाच्या यादीत जो एएमए दिसतो, तो म्हणजे सरासरी मिनिटाला असलेले प्रेक्षक. भागाच्या प्रत्येक मिनिटाला किती जण होते ते मोजून त्याची सरासरी काढतात. बोलताना आपण ज्याला टीआरपी म्हणतो, तो याच सरासरीचा त्या बाजारपेठेच्या एकूण प्रेक्षकसंख्येशी काढलेला टक्का. लेखकाला या एका आकड्यातून फारसं काही मिळत नाही, कारण त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी गुणून एकत्र केलेल्या असतात: किती जण एक मिनिट तरी आले, आणि आलेले सरासरी किती वेळ थांबले.

हिशेब करून पाहा. तीस मिनिटांचा भाग आहे. ३० लाख लोक आले आणि सरासरी १२ मिनिटं थांबले: ३० गुणिले १२ भागिले ३०, म्हणजे १२ लाख. दुसऱ्या आठवड्यात ४० लाख आले आणि ९ मिनिटं थांबले: पुन्हा १२ लाखच. गुरुवारच्या तक्त्यात दोन्ही आठवडे सारखे दिसतील आणि मीटिंगमध्ये कोणी म्हणेल, 'स्टेबल आहे.' प्रत्यक्षात दुसऱ्या आठवड्यात प्रोमोने दहा लाख जास्तीची माणसं आणली आणि भागाने त्यांना धरून ठेवलं नाही. प्रोमोत दाखवलेली थप्पड भागात शेवटच्या दीड मिनिटात आली असेल, किंवा ती स्वप्नात निघाली असेल. उलट आलेल्यांची संख्या घटली पण थांबण्याची वेळ टिकली, तर पटकथेला हात लावायचं कारण नाही. दोष प्रोमोत असेल, वेळेत असेल किंवा समोरच्या वाहिनीच्या महाएपिसोडमध्ये. त्यामुळे वाहिनीकडून 'रेटिंग पडलं' असा निरोप आला की लेखकाने पहिला प्रश्न विचारावा: रीच (आलेल्यांची संख्या) पडली की टाइम स्पेंट (थांबण्याची वेळ)? हे दोन्ही आकडे अहवालात असतात. लेखकापर्यंत पोचतो तो सहसा फक्त गुणाकार.

अहवालाचा सर्वांत मौल्यवान भाग म्हणजे मिनिटागणिक आलेख, आणि तोच सर्वांत चुकीच्या पद्धतीने वाचला जातो. सहाव्या मिनिटाला खाली गेलेली रेघ पाहून 'स्वयंपाकघरातला सीन पडला' म्हणणं सोपं आहे. आधी त्या दिवशी ब्रेक प्रत्यक्षात कधी लागले ते वाहिनीच्या प्रसारण नोंदीतून मागवा. पटकथेत लिहिलेला ब्रेक आणि पडद्यावर लागलेला ब्रेक यांत दोन-तीन मिनिटांचा फरक सहज पडतो. मग एका कागदावर दृश्याचा क्रमांक, सुरू होण्याची वेळ आणि ब्रेक, असं मांडून त्यावर आलेख ठेवा. शेजारी त्याच वेळच्या स्पर्धक मालिकेचे ब्रेकही लिहा. बऱ्याचदा असं दिसतं की तुमची रेघ त्यांच्या ब्रेकमध्ये वर गेली होती आणि त्यांचा ब्रेक संपल्यावर खाली आली. ती माणसं तुमची नव्हतीच. स्वयंपाकघरातल्या दृश्याचा त्यात काही दोष नाही.

सुरुवातीची दोन-तीन मिनिटंही जपून वाचायची. तिथला प्रेक्षक अर्धाअधिक आधीच्या मालिकेचा उरलेला असतो. आधीची मालिका अर्ध्या तासाच्या पुढे दोन मिनिटं ताणली असेल, तर तुमच्या वेळेच्या पहिल्या मिनिटांत तिचाच शेवट चाललेला असतो. खरं मोजमाप पहिल्या ब्रेकनंतरचं. ब्रेकला गेलेल्यांपैकी किती परत आले, यावर ब्रेकआधीचा हुक, म्हणजे पुढे काय होणार याची उत्सुकता लावणारा क्षण, चालला की नाही ते कळतं. प्रत्येक पात्राचे धक्का बसलेले चेहरे तीन-तीन वेळा दाखवून केलेला फ्रीझ आणि एका नव्या माहितीवर सोडलेला हुक, या दोन प्रकारांत ब्रेकनंतर परत येणाऱ्यांची संख्या चार आठवडे वेगवेगळी नोंदवून पाहा. पटकथा सुधारायला याहून नेमका प्रेक्षक-प्रतिसाद मिळत नाही. इथे बार्कला आमचे पूर्ण गुण.

कॅलेंडरमधला एक सापळा नव्या लेखकाला कोणी समजावून सांगत नाही. बार्कचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो. लेखकाचा आठवडा सोमवारी सुरू होतो आणि शनिवारी मोठ्या वळणावर थांबतो. म्हणजे सोमवार ते शुक्रवार बांधत आणलेल्या प्रसंगाचा कळस जेव्हा शनिवारी येतो, तेव्हा तो पुढच्या आठवड्याच्या खात्यात जमा होतो. रविवारचा एका तासाचा महाएपिसोडही तिथेच. गुरुवारी 'नव्या ट्रॅकला चांगली ओपनिंग मिळाली' असं जे म्हटलं जातं, त्यात जुन्या ट्रॅकच्या कळसाची कमाई मिसळलेली असू शकते. मग नवा ट्रॅक निर्धास्तपणे लांबवला जातो आणि दोन आठवड्यांनी घसरण का झाली ते कुणालाच उमगत नाही. यावर उपाय साधा आहे: दिवसागणिक आकडे घ्या आणि शनिवार आपल्या मागच्या सोमवारला जोडून आपला स्वतःचा आठवडा मांडा.

यानंतरचा दोष मोठा आहे आणि तो कोणाच्या चुकीमुळे नाही, रचनेतच आहे: उशीर. सोमवारी १ तारखेला दाखवलेल्या भागाचा आकडा गुरुवारी ११ तारखेला येतो. आठवड्यातला पहिला, म्हणजे शनिवारचा भाग तर बारा दिवस जुना झालेला असतो. ११ ला आकडा पाहिला, १२ ला ट्रॅकची बैठक झाली, वन-लाइनर (भागाचा थोडक्यात आराखडा) बदलला, वाहिनीची मंजुरी आली, पटकथा आणि मग संवाद नव्याने लिहिले गेले, कलाकारांच्या तारखा जुळवल्या, चित्रीकरण आणि संकलन झालं. हातात सहा भागांची बँक (आधीच तयार करून ठेवलेले भाग) असेल तर बदल पडद्यावर यायला २२-२३ तारीख उजाडते, आणि त्या बदलाचा आकडा पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारच्या आसपास दिसतो. न आवडलेला प्रसंग तोवर तीन आठवडे चालून गेलेला असतो.

या उशिराचा परिणाम लांब नळी असलेल्या गिझरसारखा होतो. पाणी गार लागलं म्हणून नळ आणखी सोडायचा, काहीच होत नाही म्हणून अजून सोडायचा, आणि मग एकदम कढत पाणी अंगावर. पहिल्या गुरुवारी आकडा पडला म्हणून नायिकेचं अपहरण लिहिलं जातं. ते पडद्यावर येण्याआधीच दुसरा गुरुवार येतो, आकडा आणखी पडलेला असतो, म्हणून नायकाचा स्मृतिभ्रंश जोडला जातो. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही एकदम पडद्यावर येतात. प्रेक्षक म्हणतो, 'हे काय चाललंय?' प्रत्यक्षात तो आपल्याच वीस दिवस जुन्या नाराजीचं उत्तर बघत असतो.

बँक मोठी असेल तर उशीर वाढतो; लहान असेल तर चित्रीकरण एक दिवस बंद पडलं तरी पुनःप्रसारणाची वेळ येते. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं थांबली तेव्हा शिल्लक भाग संपायला वेळ लागला नाही आणि वाहिन्यांना जुन्याच मालिका पुन्हा दाखवाव्या लागल्या. पाच-सहा भागांची बँक हा आमच्या मते नीट तोल आहे. त्यातही नुसते संवाद बदलून वळवता येतील असे एक-दोन प्रसंग दर आठवड्यात राखून ठेवले, तर उशीर निम्म्यावर येतो.

आता चढउताराबद्दल. ४.० चा ४.२ झाला की केक कापला जातो, ४.२ चा ४.० झाला की लेखकाला फोन जातो. समजा तुमच्या बाजारपेठेच्या नमुन्यात ४,००० माणसं आहेत. ४.० म्हणजे त्यातली १६०. ४.२ म्हणजे १६८. फरक आठ माणसांचा. दोन-तीन घरांत पाहुणे आले, एका घरात वीज गेली, एवढ्यावर तो फरक पडू शकतो. नमुन्याच्या साध्या हिशेबाने इथे उणे-अधिक ०.६ एवढी फट धरावी लागते, म्हणजे खरा आकडा ३.४ ते ४.६ मध्ये कुठेही असू शकतो. आठवड्याचे सगळे भाग मिळून सरासरी निघते आणि घरं बरीचशी तीच राहतात, म्हणून प्रत्यक्षात ही फट थोडी आवळते. एका घरातली माणसं एकत्र बसून पाहतात, म्हणून ती पुन्हा सैल होते. तरीही ०.२ च्या हालचालीवर कुणाचं लग्न मोडू नये, हे ठामपणे सांगता येतं. वृत्तवाहिन्यांचे आकडे ऑक्टोबर २०२० मध्ये थांबवून मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू केले, तेव्हा बार्कने स्वतःच ते चार आठवड्यांच्या फिरत्या सरासरीने द्यायला सुरुवात केली. लेखकांच्या गटानेही आपल्या मालिकेसाठी हेच करावं: दर गुरुवारी शेवटच्या चार आठवड्यांची सरासरी काढावी आणि ती सलग तीन वेळा एकाच दिशेला सरकली तरच ट्रॅकवर बोलावं.

त्यातही आयपीएलचे आठवडे आणि गणपतीचे दिवस वेगळे काढावेत. सामने साडेसातला सुरू होतात आणि बहुतेक घरांत टीव्ही एकच. आठच्या मालिकेची घसरण तेव्हा रिमोट कोणाच्या हातात आहे यावर असते. गणपतीत कोकणातलं घर गजबजतं आणि टीव्हीपुढचं घर रिकामं होतं. त्या पंधरवड्यातल्या आकड्यावरून कथानकाची किंमत करणं हा लेखकावर अन्याय आहे.

सर्वांत गंभीर मर्यादा मात्र गणिताची नाही. मीटरला राग आणि आवड यांत फरक कळत नाही. खलनायिका सुनेच्या ताटातलं अन्न ओढून घेते, घरोघरी बायका चिडून बोलतात, पण उठत नाहीत. ते मिनिट वर जातं. आलेख पाहणारा म्हणतो, 'हिचे सीन वाढवा.' ते वाढवले जातात, सहा-आठ आठवडे आकडा टिकतो, आणि मग रीच हळूहळू झिरपायला लागते. थांबण्याची वेळ पडत नाही, कारण जे उरलेत ते शेवटपर्यंत बघणारेच आहेत. नवं कोणी येत नाही आणि जुने गुपचूप गळतात. हा आकार आलेखात ओळखता येतो: टाइम स्पेंट सपाट, रीच उतरती. हा दिसला की छळाचा ट्रॅक संपवायची वेळ होऊन गेली असं समजावं. सोशिक नायिकांचे वर्षानुवर्षं चाललेले हाल 'लोकांनाच हवे असतात' असं जे म्हणतात, त्यांनी या अहवालातला एकच स्तंभ वाचलेला असतो.

मग कारण कुठून कळायचं? प्रोमोखालच्या प्रतिक्रिया हा हाताशी असलेला मार्ग, आणि त्या तासाभरात येतात, हा मोठा फायदा. पण तिथे लिहिणारा आणि मीटरच्या घरात बसणारा हे बहुधा वेगवेगळे लोक असतात. फोनवर अॅपमधून मालिका पाहणारी पुण्यातली नोकरदार मुलगी किंवा न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब टीव्हीच्या या आकड्यात येतच नाही. प्रतिक्रियांत मात्र त्यांचा आवाज मोठा असतो. गावातल्या ज्या घरात सात वाजता टीव्ही लागतो, तिथून सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून प्रतिक्रिया मोजू नयेत, वाचाव्यात. 'किती ताणताय' अशा शंभर ओळींपेक्षा 'तिने पत्र वाचलं होतं ना गेल्या महिन्यात, मग आज माहीत नाही कसं?' ही एक ओळ लेखकाच्या जास्त कामाची. सातत्याची चूक, न पटलेला स्वभाव, विसरलेलं पात्र, हे प्रतिक्रियांतून घ्यावं. कथानकाची दिशा तिथून घेऊ नये.

तुलनेसाठी जुनं उदाहरण मोठं बोलकं आहे. दूरदर्शनवर जुलै १९८४ मध्ये 'हम लोग' सुरू झाली तेव्हा कुटुंबनियोजनाचा उपदेश तिच्यात ठासून भरलेला होता. पहिल्या तेरा भागांना प्रतिसाद थंड आला. मग उपदेश पातळ करून घरातल्या माणसांच्या गोष्टीवर भर दिला गेला, आणि १५६ भाग होईपर्यंत ती देशाची मालिका झाली. तिला सुमारे ४ लाख पत्रं आली. अशोककुमार प्रत्येक भागाच्या शेवटी प्रेक्षकांशी बोलायचे. पत्रांचा नमुना सांख्यिकीच्या हिशेबात टिकला नसता, पण पत्रात कारण लिहिलेलं असायचं. आजच्या अहवालात नेमकी हीच जागा रिकामी आहे. वाहिन्या अधूनमधून गावोगावच्या प्रेक्षकांना बसवून चर्चा घेतात ती याच कारणासाठी. तिथे लेखकाने स्वतः जावं, नुसता सारांश मागवू नये. सारांशात 'प्रेक्षकांना वेग हवा' एवढंच उरतं. समोर बसलेल्या बाई सांगतात की रोज शेवटची पाच मिनिटं बघितली तरी गोष्ट कळते, म्हणून त्या तेवढीच बघतात. या दोन वाक्यांतून निघणारी पटकथा पूर्ण वेगळी असते.

अहवाल पूर्ण मिळतो तो पैसे भरणाऱ्या सदस्यांनाच. बाहेरून शिकणाऱ्याला बार्कच्या संकेतस्थळावरची साप्ताहिक यादी फुकट पाहता येते: भाषेनुसार पहिले पाच कार्यक्रम आणि त्यांचा एएमए हजारांत. मराठीसाठी बाजारपेठ महाराष्ट्र-गोवा, शहरी आणि ग्रामीण एकत्र, वय दोन वर्षांच्या पुढचं. त्यात मिनिटं नाहीत, रीच वेगळी नाही, सहाव्या क्रमांकाची मालिका तर दिसतच नाही. तरी एक अभ्यास करता येतो. पहिल्या पाचातली एक मालिका निवडा, वहीत रोजच्या भागाचा शेवट एका ओळीत लिहा, शनिवार ते शुक्रवार अशी रेघ मारा आणि पुढच्या गुरुवारी आकडा शेजारी लिहा. दहा-बारा आठवड्यांनी वाहिनीने कोणत्या आकड्यानंतर कथेला हात घातला आणि तो बदल किती दिवसांनी पडद्यावर आला, हे त्या वहीत तारखांसकट दिसू लागेल.